कालव्यातली घोडी

माझी वहिनी काय काम करते, हे सांगायची वेळ आली की मला आजही घाम फुटतो. बाई मास्तरीण आहे म्हटलं की लोकांना कळतं, नर्स आहे म्हटलं की कळतं, रानात जाते म्हटलं तर कुणी पुढं विचारतसुद्धा नाही. आमची बानूवहिनी मातीची शिल्पं करते, ती भट्टीत भाजते, त्यांची प्रदर्शनं भरवते आणि शाळांमधून, महिला मंडळांमधून ते काम शिकवते. एवढं एका दमात सांगून झालं की समोरचा विचारतो, "म्हंजे गणपती करतात का?" नाही. "मग बेंदराचे बैल?" नाही हो. "मग माठ?" तेही नाही. मग तो माणूस माझ्याकडं संशयानं बघायला लागतो.

बानूवहिनी मूळची इंदापूर तालुक्यातल्या कळसची. आमच्यासारखंच त्यांचंही घर एके काळी मेंढरांवर चालायचं. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोडीवर लादून निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं. ती शाळेच्या वयाची झाली तेव्हा वडिलांनी मेंढरं विकून जमीन धरली आणि पोरीला वसतिगृहात घातलं. तिथल्या चित्रकलेच्या मास्तरांनी तिला एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना बसवलं आणि पुढं मुंबईच्या कलाशाळेत धाडलं. तिथं ज्याला त्याला चित्रकार व्हायचं होतं. मातीच्या विभागात जागा शिल्लक होत्या, म्हणून ही मातीत गेली. लग्नाच्या बैठकीत तिच्या वडिलांनी "पोरगी मातीचं शिकलीय" असं सांगितलं. माझ्या वडिलांना, तात्यांना, वाटलं, शेतकी शिकलीय. त्यांनी तिथंच सुपारी फोडली.

अशी ती माझ्या थोरल्या भावाची, नागेशची बायको होऊन बावड्याला आली आणि पहिल्याच वर्षी तिनं परसात भट्टी बांधली. विटा साखर कारखान्याच्या बॉयलरमधून काढून टाकलेल्या, जळण वेड्या बाभळीचं. इथवर कुणाची हरकत नव्हती. पण चारी बाजूंना काळीभोर जमीन पसरलेली असताना ही बाई गुजरातहून पांढऱ्या मातीची पोती मागवायची. आपली माती त्या आचेला टिकत नाही, हे तिनं गावाला शंभरदा समजावलं असेल. गावानं शंभरदा मान डोलावली आणि तिची पाठ फिरल्यावर "नाग्याची बायकू माती इकत आणती" म्हणून हसून घेतलं.

नागेश मात्र यावर कधी काही बोलला नाही. तो कशावरच बोलत नाही. जळण फोडून द्यायचा, भट्टी पेटली की शेजारी खाट टाकून पडून राहायचा, आणि भट्टी उघडायच्या दिवशी काय भाजलंय हे बघायलाही न थांबता रानात निघून जायचा. वहिनीचा त्याच्यावर हाच राग. "मला शिव्या दिल्या तरी चालंल, वन्सं," ती मला म्हणायची, "पण मानसानं एकदा बगावं तरी की!" मी काय सांगणार? माझ्या लग्नातही तो मांडवाकडं पाठ करून पाण्याचे पिंप भरत उभा होता.

शिकवण्याचं तर विचारूच नका. बारामतीत माझा शिवणक्लास आहे. त्याच्या मागच्या खोलीत वहिनीची कार्यशाळा भरायची. बायका हौसेनं यायच्या. माती अशी मळायच्या की बघत राहावं. भाकरीच्या पिठावर तयार झालेले हात ते. पण "आता तुमच्या मनातलं काहीही करा" असं वहिनी म्हणाली, की सगळ्या एकमेकींकडं बघायच्या आणि सगळ्या मिळून गणपती करायच्या. सोंड डावी की उजवी, एवढाच काय तो फरक. एकदा तिनं बजावून सांगितलं, देव नको, घरातलं माणूस करा. तर एकीनं सासू करायला घेतली, अर्ध्यातच तिचं डोकं फिरलं आणि तिनं तो गोळा पाटावर आपटून त्याचा गणपती केला. सिंधुबाई म्हणून एक होत्या. त्यांना कच्चा वाडगा घरी नेऊन नीट सुकवा, म्हणून सांगितलं. त्यांनी तो लवकर सुकावा म्हणून गॅसवर ठेवला. तो फुटला, खापऱ्या शेजारच्या डाळीत पडल्या आणि त्यांचे मालक भांडायला आले ते माझ्या दारात. वहिनी तोवर बावड्याची एसटी धरून मोकळी झाली होती.

या सगळ्या वैतागातून शहाण्णव साली तिनं ती घोडी केली.

मांडीएवढी उंच असेल. मान जराशी खाली, कान मागे टाकलेले, एक पाय पुढं घ्यावा की नको अशा बेतात. पाठीवर अख्खं बिऱ्हाड: वाकळा, घोंगडी, हंडा, पाय बांधलेली कोंबडी, वाकळांतून तोंड बाहेर काढलेलं एक कोकरू, आणि त्या कोकराच्या अंगावर डोकं टाकून झोपलेली पोर. ती पोर म्हणजे वहिनी स्वतः. त्याआधीच्या कितीतरी घोड्या वाळतानाच पोटात तडकल्या होत्या, काही भट्टीत गेल्या होत्या. ही एकच धड बाहेर आली. मला कुणाचं सहजासहजी कौतुक करता येत नाही, पण त्या घोडीपुढून मला उठवेना, हे खरं आहे. आमचीही अशीच घोडी होती.

पुण्यातल्या एका कलादालनानं फोटो बघून वहिनीला दिवाळीनंतर आठवडाभराचं प्रदर्शन दिलं. तिचं स्वतःचं, एकटीचं, पहिलंच. दालनाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की सगळी मांडणी घोडीभोवती असेल, आमंत्रणावरही घोडीच छापायची. घोडी नसेल तर ही तारीख दुसऱ्या कुणाला देऊ, म्हणाल्या. वहिनीनं इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते सगळं त्या चार पायांवर येऊन उभं राहिलं होतं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? घोडी गवतात गुंडाळून घरात ठेवली असती. पण वहिनीच्या डोक्यात आलं, पुण्याच्या लोकांआधी आपल्या माणसांनी बघायला पाहिजे. आणि तेव्हाच आमच्या पेठेतल्या तरुण मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब दारात उभे राहिले. यंदा मंडळाला हलत्या देखाव्याऐवजी काहीतरी सुसंस्कृत करायचं होतं. "गणपतीच्या मांडवात वहिनींच्या कलेचं प्रदर्शन," ते म्हणाले. "बारामतीत असलं कुणी केलेलं न्हाय." मी वहिनीला डोळ्यानं खुणावलं, चिमटा काढला. ती हो म्हणून बसली.

मांडव झकास सजवला होता, त्याला नाव ठेवणार नाही. मधे गणपती आणि दोन्ही अंगांना वहिनीची शिल्पं: मेंढरं, कुत्री, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, आणि अगदी पुढं घोडी. लोकांची रीघ लागली. वहिनी रोज शेजारी उभी राहून समजावून सांगायची. लोक ऐकायचे, "व्हय व्हय" म्हणायचे, आणि गणपतीला वाहिलेल्या हातानंच घोडीला हळद-कुंकू लावून, पायाशी सुटे पैसे ठेवून पुढं सरकायचे. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "ही नवसाला पावती का?" वहिनी म्हणाली, "आबा, ही देव नाही, घोडी आहे." म्हातारा म्हणाला, "देवाचीच आसंल की मग," आणि त्यानं खाली वाकून नमस्कार केला. वहिनी रोज रात्री माझ्याकडं येऊन हात जोडायची, "वन्सं, येक मानूस न्हाय हो, ज्यानं ती झोपल्याली पोरगी बगितली."

अनंत चतुर्दशीला वहिनी बारामतीत नव्हती. इंदापूरच्या एका शाळेत तिची कार्यशाळा आधीच ठरलेली होती. जाताना ती बापूसाहेबांना बजावून गेली, "उद्या सकाळी टेम्पो घेऊन येते. तोवर कशाला हात लावू नका." बापूसाहेबांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत उसाचं पाचट भरून आली. मी बरोबर होतेच. मांडवात बांबूचा सांगाडा, चुरगळलेल्या पताका आणि जमिनीवर गुलाल. घोडी नाही, मेंढरं नाहीत, काहीच नाही. बापूसाहेब रात्रभराच्या मिरवणुकीनं बसलेल्या आवाजात म्हणाले, "काळजी नको वहिनी. सगळं व्यवस्थित झालं."

"काय झालं?"

"विसर्जन."

वहिनीच्या पहिल्यांदा ते डोक्यात शिरलंच नाही. माझ्या मात्र लगेच शिरलं. झालं होतं ते असं: भटजींनी उत्तरपूजा करताना अक्षता टाकल्या, त्या गणपतीवर पडल्या तशा आजूबाजूच्या सगळ्या मातीवरही पडल्या. आणि मांडवातल्या पुजलेल्या मातीवर उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या की ती माती घरात ठेवायची नसते, पाण्यात सोडायची असते. त्यात घोडीच्या अंगावर आधीच दहा दिवसांची हळद. मंडळानं दुसरी ट्रॉली मागवली, तिला केळीचे खांब बांधले, हलगी लावली, आणि वहिनीचं वर्षाचं काम गुलाल उधळत कालव्यावर नेलं.

"टाकलं न्हाय बरं का," बापूसाहेब म्हणाले. "पोरांनी पाण्यात उतरून हळूच सोडलं. घोडी तर मी स्वतः. तुमच्या कलेचा मान ठेवला आम्ही."

तो माणूस शाबासकीची वाट बघत होता, देवाशपथ सांगते. त्याच्या तोंडावर कपटाचा लवलेश नव्हता, आणि तेच चीड आणणारं होतं. चोरी असती तर पोलिसात गेलो असतो. मान ठेवल्याची तक्रार कुठं करायची?

"अहो, ती भाजलेली आहे!" वहिनी ओरडली. "ती विरघळत नाही! दगड आहे दगड!"

"विरघळंल हो," बापूसाहेब समजुतीनं म्हणाले. "माती हाय ती. वाईट नका वाटून घेऊ. पुढच्या साली परत करा, माती मंडळ देईल."

मी वहिनीचा दंड धरला नसता तर त्या दिवशी बारामतीत दुसरं विसर्जन झालं असतं.

कालव्यावर गेलो. पुलाखाली पाणी काठोकाठ, गढूळ, वेगात चाललेलं. कालव्यावरचा पाटकरी गेणबा, म्हणजे पाणी सोडणारा-बंद करणारा माणूस, झाडाखाली बिडी ओढत बसला होता. वहिनीनं त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, कालवा कधी बंद होणार?

"त्ये काय माज्या हातात हाय का बाई?" गेणबा म्हणाला. "सगळ्या उसाची पाळी चाललीय. शेपटापतुर पाणी पोचलं, तितल्या लोकांचं भिजवून झालं की मग बंद. दिवाळी हुईल, दिवाळीच्या म्होरं बी जाईल."

शेपूट म्हणजे बावडा. कालव्याच्या अगदी टोकाची चारी, आणि त्या चारीवर आमचा ऊस. म्हणजे वहिनीला कालवा लवकर बंद व्हायला हवा होता, आणि तिच्याच घरच्या उसाला तो उशिरापर्यंत चालू राहायला हवा होता. नवीन लागणीचा ऊस. घरच्या विहिरीचं पाणी खारं, ते देऊन उपयोग नाही. हे सगळं वहिनीला ठाऊक होतं. ती पुलाच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून खाली बघत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "भिगवनला जाऊ."

भिगवणला उजनीच्या पाण्यात मासेमारी करणारे लोक आहेत, बुडी मारण्यात तरबेज. त्यांतल्या दत्तोबाला गाठलं. मी त्याच्या ओळखीच्या हॉटेलात बसून मासे खाल्ले, कारण भूक लागली होती आणि राग आला की मला जास्तच लागते. दत्तोबानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाण्याला ओढ किती, खोली किती, सगळं विचारलं. वहिनीचा चेहरा जरा खुलला. शेवटी त्यानं विचारलं, "पर ती पाण्यात पडली कशी?" खोटं बोलायला काय जात होतं? ट्रॉली उलटली, म्हणावं. पण आमची बाई खरं बोलली. दत्तोबानं कानाला हात लावले.

"विसर्जन केल्यालं वर काडायचं? न्हाय बाई. आमची पोटं पाण्यावर हायती."

परतीची एसटी धरली. बारामतीत उतरल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, मला येक सांगा, ह्या मुलखात माती नुसती माती म्हनून कुनी बगायचंच न्हाय का?" मी म्हटलं, घरी चल, चहा घे. दुसरं काय सांगणार?

पुढचे दिवस वाईट गेले. पुण्याहून दालनाच्या बाईंचे फोन माझ्या शेजाऱ्यांकडं यायचे आणि मी धावत जाऊन थापा मारायचे. घोडी उत्तम आहे, जरा पाणी दाखवून ठेवलंय, अशी एक थाप मारली, ती तर अर्धी खरीच होती. वहिनी बावड्याहून येऊन पुलावर उभी राहायची. बापूसाहेब रस्त्यात भेटले की विचारायचे, "आली का नवीन माती?" कार्यशाळेतल्या बायका समजूत घालायला आल्या आणि जाताना विचारून गेल्या, पुढच्या शनिवारी गौरीचे मुखवटे शिकवणार का. मला वाटायचं, एकेकीला धरून हलवावं. पण त्यांनाही वहिनीचं वाईट वाटत होतं, त्याला त्या तरी काय करतील? त्यांच्या लेखी मातीचं काम करायचं ते पाण्यात सोडण्यासाठीच. ज्याचा शेवट ठरलेलाच आहे, ते गेलं म्हणून कुणी एवढं जिवाला लावून घेतं का?

आणि एका सकाळी, दिवाळीला अजून अवकाश असताना, गेणबा सायकल मारत माझ्या दारात आला. "पाणी उतरलंय. बाईस्नी सांगा."

मी वहिनीला निरोप धाडला आणि पुढं झाले. पुलाखाली घोट्याएवढा गाळ, त्यात नारळ, निर्माल्याच्या पिशव्या, एक सायकलची रिम. आणि त्या सगळ्यात वहिनीची मेंढरं. काही उताणी, काही गाळात रुतलेली, एकाचं शिंग गेलेलं, बाकी धडधाकट. घोडी जरा पुढं वाहत जाऊन पुलाच्या खांबाला टेकली होती. कुशीवर पडली होती, पोटाखाली गाळ. मी हातानं चिखल पुसत गेले. कोंबडी फुटली होती. कोकरू होतं. पोर होती, झोपलेलीच.

"येवड्या लवकर कसा काय बंद केला?" मी गेणबाला विचारलं.

तो इकडंतिकडं बघायला लागला. मग म्हणाला, "शेपटाला चार-पाच गडी ऱ्हायलं हुतं. तुमचा भाऊच कालव्याच्या सायेबाकडं आला हुता, नागेश. म्हनला, बाकीच्यांच्या हिरी हायत, त्यांस्नी मी समजावतो. माजी पाळी ऱ्हाऊ द्या, कालवा बंद करा. सायेबांनी त्याला दोनदा इचारलं, ऊस जाईल की रं. तर म्हनला, जाऊ द्या." गेणबानं बिडी विझवली. "बाईला सांगू नका म्हनलाय."

नागेशला मी ओळखते. तो सणाला स्वतःसाठी सदरा मागणारा माणूस नाही, साहेबाच्या दारात जाऊन बोलणं तर लांबच.

वहिनी टेम्पो घेऊन आली तोवर पुलावर माणसं जमली होती. विसर्जन केलेलं वर काढतायत, ही बातमी पेठेत पोचली आणि तिच्यामागून बापूसाहेब. या खेपेला मात्र त्यांचा चेहरा खरोखर गंभीर होता. "वहिनी, हे बरोबर न्हाय. अक्षता पडल्यात. मंडळावर येईल काहीतरी."

वहिनी घोडीपुढं उभी राहिली, कोपरापर्यंत चिखल. ती काहीतरी भयंकर बोलणार हे मला दिसत होतं, म्हणून मीच पुढं झाले. डोक्यात काही तयार नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले.

"बापूसाहेब, गणपती विरघळला का?"

"विरघळला की."

"आणि ही?"

"ही... न्हाय."

"एवढे दिवस पाण्यात होती. देवाची असती तर पाण्यानं घेतली असती. नाही घेतली. म्हणजे पाणीच सांगतंय ना, जिची आहे तिला परत द्या म्हणून? आता तुम्ही अडवलं तर मंडळावर काय येईल ते तुम्हीच बघा."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या पोथीत असेल असं वाटत नाही. पण बापूसाहेबांनी विचार केला. पुलावरच्या माणसांकडं बघितलं. मग सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, खाली उतरले आणि घोडीला स्वतः हात लावून टेम्पोत चढवली. वर एक नारळ फोडला. वहिनी दात आवळून म्हणाली, "हिच्यावर पाणी उडवू नका." तोवर उडालं होतं.

पुण्याचं दालन म्हणजे पांढऱ्या भिंती आणि हळू आवाजात बोलणारी माणसं. वहिनीनं घोडी घासून घासून धुतली होती, तरी पोटाला एक गाळाचा पट्टा राहिलाच. एक दाढीवाले गृहस्थ त्या पट्ट्यापुढं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हा पोत फार विचारपूर्वक ठेवलाय." वहिनी म्हणाली, "तो कालव्याचा गाळ आहे, निघत नाही." गृहस्थ "वा!" म्हणाले आणि दुसऱ्याला बोलावून आणलं. तिकडं नमस्कार, इकडं वा. त्या झोपलेल्या पोरीवरून दोघांचीही नजर घसरून गेली. मी कपाळाला हात लावला.

उद्घाटनाला थोडा वेळ होता तेव्हा नागेश पोचला. धुतलेला पायजमा, टोपी, चपलांना रानातली माती. दाराशी एक खुर्ची होती, तिच्यावर बसला आणि फरशीकडं बघत राहिला.

वहिनी माझ्या कानाशी आली. दिवसभर पुणेरी बोलून दमली होती, गावचं सुटलं. "बगा, वन्सं. आलं आन् बसलं. समोर घोडी उभी हाय, पर मान वर करून बगतील तर शपथ. त्यो बापूसाहेब बरा, पाया तरी पडला तिच्या. ह्यास्नी कशाचंच काय न्हाय."

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे नागेशला माहीत असायला हवं होतं. इतके दिवस राहिली, हेच खूप.

"बास," मी म्हटलं. "आपल्या उसाची पाळी कुणी सोडली, माहितीय का तुला? कालवा काय आपोआप बंद झाला होय?"

वहिनी वळली आणि तरातरा दाराकडं गेली. ती जे ओरडली ते त्या पांढऱ्या भिंतींनी आधी कधी ऐकलं नसेल.

"पाळी तुमी सोडली?"

नागेशनं मान डोलावली.

"कुनाला इचारून? लागनीचा ऊस त्यो! करपला की सगळा! मला म्हनलं, चारीला पाणीच आलं न्हाय! अवो, येका मातीच्या घोडीपायी उभा ऊस वाळवला तुमी?"

मातीची घोडी. हा शब्द दुसऱ्या कुणी काढला असता तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. नागेशनं टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच वर बघितलं, घोडीकडं नाही, तिच्याकडं.

"तू जेवत न्हवतीस," तो म्हणाला.

वहिनीनं पदरानं नाक पुसलं. मग चिडक्याच आवाजात तिनं विचारलं, "आन् तुमी? सकाळधरनं काय खाल्लंय?"

"न्हाय. गाडी धरायची हुती."

तिनं त्याच्या दंडाला धरून उठवलं आणि दाराबाहेर घेऊन गेली. मागं वळूनही बघितलं नाही.

तेवढ्यात मुख्य पाहुणे आले. फीत बांधलेली होती, ताटात कात्री होती, फोटोवाला तयार होता. दालनाच्या बाई घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडं आल्या. "कलाकार कुठं आहेत?"

दारातून समोरची खानावळ दिसत होती. पहिल्याच बाकावर दोघं बसलेली. वहिनी त्याच्या ताटात आपल्यातली भाकरी टाकत होती आणि त्याला काहीबाही सुनावत होती, आणि मधेमधे स्वतःही घास घेत होती.

"जेवतायत," मी म्हटलं.

"आत्ता? अहो, पाहुणे कात्री घेऊन उभे आहेत!"

"मग त्यांना खुर्ची द्या," मी म्हटलं.